चांदण्याखालचा कोळसा : टर्नरचे एक जलरंगचित्र आणि टाइन नदीवरचे कीलमन

चित्र लहान आहे. उंची साधारण १५ सेंटिमीटर, रुंदी २२ सेंटिमीटरांच्या आत. छोट्या वहीचे पान आडवे धरले तर एवढेच भरेल. कागदावर जलरंग. वर चंद्र, खाली त्याच्या प्रकाशाने निळसर उजळलेले पाणी, गलबतांच्या काळपट आकृती, आणि उजव्या बाजूस आगीच्या तांबूस उजेडात कोळसा चढवणारी माणसे. चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर, वर्ष १८२३, शीर्षक ‘शील्ड्स, टाइन नदीवर’. आज हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

टर्नरचे नाव निघाले की धुके, वादळ आणि सूर्यास्त डोळ्यांसमोर येतात. या चित्रातही प्रेक्षकाची नजर आधी चंद्राकडे जाते. परंतु चंद्राखाली चाललेले काम कोणते, ते भर रात्री का चालले आहे आणि चित्र रंगवले गेले त्या सुमारास त्या कामावर कोणते संकट आले होते, हे तीन प्रश्न विचारले की चित्राचा अर्थ बराच बदलतो. या थ्रेडमध्ये त्या तीन प्रश्नांचा माग काढायचा आहे.

प्रथम भूगोल. टाइन ही इंग्लंडच्या ईशान्य भागातली नदी. तिच्या काठी, समुद्रापासून सुमारे १३ किलोमीटर आत न्यूकॅसल शहर, आणि मुखाशी उत्तरेस नॉर्थ शील्ड्स व दक्षिणेस साउथ शील्ड्स अशी दोन गावे. या नदीच्या दोन्ही तीरांवर दगडी कोळशाच्या खाणी होत्या. लंडनची घरे ज्या कोळशावर ऊब घेत आणि लंडनच्या भट्ट्या ज्या कोळशावर चालत, त्याचा फार मोठा हिस्सा येथून समुद्रमार्गे जाई. १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉल्स कॅथीड्रलची जी भव्य वास्तू पुन्हा उभी राहिली, तिचा खर्चही प्रामुख्याने लंडनमध्ये उतरणाऱ्या कोळशावरील करातून निघाला. राजधानीचे हात शेकले जात ते टाइनच्या जिवावर, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यापारावर न्यूकॅसलच्या ‘होस्टमेन’ नावाच्या व्यापारी संघाची पकड होती. १६०० साली राणी एलिझाबेथ पहिली हिने या संघाला सनद दिली. मुखाशी असलेल्या शील्ड्सने स्वतंत्र बंदर म्हणून डोके वर काढू नये, यासाठी न्यूकॅसल शहर पिढ्यान्‌पिढ्या झगडत राहिले. गंमत अशी की व्यापाराचे कागद न्यूकॅसलमध्ये होत, पण गलबते उभी राहत ती शील्ड्सला. याचे कारण नदी स्वतःच होती. टाइनचे पात्र उथळ, गाळाने भरलेले, जागोजागी वाळूचे दांडे. मोठी गलबते वर जाऊ शकत नसत. शिवाय न्यूकॅसलच्या पुलाच्या कमानी इतक्या ठेंगण्या होत्या की त्याखालून समुद्रगामी गलबत जाणे अशक्य. खाणी आत आणि गलबते बाहेर. मधले अंतर भरून काढण्यासाठी जी नौका होती तिचे नाव ‘कील’.

मुंबई बंदरात धक्का आणि जहाज यांच्यामध्ये माल नेणाऱ्या पडावासारखीच ही नौका. सपाट तळाची, रुंद, दोन्ही टोकांना गोलसर. एका चौकोनी शिडाला वारा मिळाला तर ठीक. नाहीतर एका लांबलचक वल्ह्यावर आणि पाण्याच्या तळाला टेकवून रेटायच्या काठीवर भिस्त. तिच्यावर एक तांडेल, दोन गडी आणि एक पोरगा असे चौघे असत. पोऱ्याला तिथल्या बोलीत ‘पी-डी’ म्हणत. कीलचे माप कायद्याने ठरलेले होते : कोळशाचे आठ न्यूकॅसल चॅल्ड्रन, म्हणजे सुमारे २१ टन. १६७८ च्या कायद्याने हे माप प्रत्येक नौकेवर खुणेने नोंदवणे बंधनकारक झाले. सरकारला माप हवे होते ते करासाठी, आणि कीलमनांना हवे होते ते पाठीसाठी. कारण हा सगळा कोळसा त्यांना हाताने उपसावा लागे.

कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. खाणीतून निघालेला कोळसा घोड्यांनी ओढलेल्या वाघिणींतून, लाकडी रुळांवरून नदीकाठच्या धक्क्यावर येई आणि कीलमध्ये ओतला जाई. ओहोटी लागली की कील सुटे आणि उतरत्या पाण्याबरोबर शील्ड्सकडे निघे. तिथे ती गलबताच्या कुशीला लावायची. मग खरे काम सुरू होई. गलबताच्या बाजूला कोळसा घेण्यासाठी चौकोनी झरोके असत. कील खाली, झरोका वर. तिघांनी फावड्याने कोळसा उचलायचा आणि डोक्याच्याही वर असलेल्या त्या भोकातून आत फेकायचा. २१ टनांना तिघांनी भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७ टन येतात, एका खेपेत. शिवाय कील जसजशी रिकामी होई तसतशी ती पाण्यातून वर उचलली जाई, तर गलबत भरत जाऊन खाली बसे. तेवढाच काय तो निसर्गाने दिलेला दिलासा. ३०० टन माल घेणारे गलबत भरायचे तर अशा चौदा-पंधरा कील लागत.

काम संपले की पुढच्या भरतीवर परत. मग आणखी एक प्रकार. कीलमनांच्या बायका आणि मुली रिकाम्या नौका झाडून काढीत, आणि त्या बदल्यात तळाशी उरलेली कोळशाची भुकटी घरच्या चुलीसाठी नेत. या स्त्रियांसाठीही स्थानिक बोलीत वेगळा शब्द होता, ‘कील-डीटर’. व्यापाराच्या हिशोबवहीत त्यांचे नाव कुठेच येत नाही, पण नदीवरच्या त्या उद्योगात त्याही होत्याच.

आता रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. कीलमनांच्या खेपेला ‘टाइड’ म्हणत, म्हणजे एक भरती-ओहोटी. त्यांची मजुरी दिवसावर नव्हती, ‘टाइड’वर होती. ओहोटी साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आज दुपारी लागणारी ओहोटी आठवडाभराने सायंकाळी लागणार, आणि त्यापुढे मध्यरात्री. चंद्रामुळे पाणी हलते आणि पाण्यामुळे कीलमन कामावर हलतो. टर्नरच्या चित्रात डोक्यावर जो चंद्र आहे तो शोभेसाठी तिथे असेल. परंतु त्या माणसांच्या आयुष्यात तोच कामाचा भोंगा होता.

ही माणसे न्यूकॅसलच्या तटाबाहेर, सँडगेट नावाच्या दाट वस्तीत राहत. त्यांत स्कॉटलंडहून आलेले पुष्कळ होते. निळे जाकीट ही त्यांची ओळख. हिवाळ्यात समुद्र खवळला की गलबते येत नसत आणि काम बंद पडे. म्हणून मालकांशी वर्षाचा करार करून, वर्षाच्या सुरुवातीला उचल घेऊन, ती माणसे बांधली जात. वरवर पाहता हे एक गरीब, कर्जात अडकलेले, दंगेखोर म्हणून बदनाम झालेले टोळके. १७४० साली धान्य महागले तेव्हा न्यूकॅसलच्या गिल्डहॉलवर जो हल्ला झाला त्यात कीलमन पुढे होते, आणि शहरातील सभ्य लोकांनी ते कधी विसरले नाही.

पण याच माणसांनी १७०१ मध्ये एक इमारत उभारली होती. प्रत्येक गड्याने दर ‘टाइड’ला एक पेनी बाजूला काढायचा, आणि त्या निधीतून म्हाताऱ्या, आजारी कीलमनांसाठी व त्यांच्या विधवांसाठी आश्रयगृह चालवायचे, असा हा बेत. बांधकामाला दोन हजार पौंडांहून अधिक खर्च आला. मधे चौक, भोवती पन्नासहून अधिक खोल्या, वर घड्याळाचा मनोरा. ‘कीलमेन्स हॉस्पिटल’ हे तिचे नाव. इंग्लंडात कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून, स्वतःसाठी बांधलेल्या सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी, जेव्हा कामगार संघटना हा शब्दही जन्मला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

त्यामुळे मालकांची झोप उडाली, हे वेगळे सांगायला नको. म्हाताऱ्यांसाठी जमवलेला पैसा उद्या संपात उपासमार टाळायला वापरला गेला तर? निधीवर ताबा कोणाचा, यावरून होस्टमेन आणि कीलमन यांच्यात दीर्घ तंटा झाला. १७११-१२ च्या सुमारास या तंट्यात कीलमनांच्या बाजूने लेखणी उचलणारा माणूस होता डॅनियल डीफो. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहायला अजून सात-आठ वर्षे होती. अखेरीस निधीचा कारभार कीलमनांच्या हाती पूर्णपणे आला नाही. तरी संप काही थांबले नाहीत. १७१०, १७१९, १७३८, १७५०, १७६८, १७७१ अशी ती यादी वाढत गेली.

संपाच्या कारणांत एक कारण वारंवार येते : मापापेक्षा जास्त भरणे. लंडनच्या गलबतमालकांना खूश ठेवण्यासाठी खाणमालक कीलमध्ये ठरल्यापेक्षा जास्त कोळसा घालीत. गिऱ्हाइकाला फुकटचा माल, मालकाला पुढची मागणी, आणि कीलमनाला त्याच मजुरीत चार फावडी जास्त. कायद्याने ठोकलेल्या खुणा असूनही हा प्रकार चालूच राही.

या संपांना धार होती ती भूगोलाची. खाण आणि गलबत यांच्यामध्ये असलेली ती काही मैलांची नदी जर बंद पडली, तर लंडनमध्ये कोळशाचा भाव चढे. काही शे नौका आणि दीड-दोन हजार माणसे राजधानीला थंडीत काकडायला लावू शकत होती. अशी अडवणुकीची जागा ज्याच्या हाती असते, त्याला बाजूला सारण्याचे उपाय शोधले जाणार हे उघडच होते.

तो उपाय होता पन्हळ. न्यूकॅसलच्या पुलाच्या खालच्या अंगाला, मुखाकडे, जिथे पात्र जरा खोल होते, तिथल्या खाणमालकांनी नदीत पुढे आलेले उंच लाकडी धक्के बांधले. वाघीण थेट धक्क्याच्या टोकापर्यंत आणायची, तिचा तळ उघडायचा, आणि कोळसा उतरत्या पन्हळीतून थेट गलबताच्या पोटात सोडायचा. कील नको, फावडे नको, तांडेल नको. एक अडचण मात्र होती. उंचावरून घसरत येणारा कोळसा फुटे, आणि लंडनचे गिऱ्हाईक मोठ्या ढेकळांना भाव देई. ती अडचणही दूर होत गेली. विल्यम चॅपमन या अभियंत्याने १८०७ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट घेतले की भरलेली वाघीणच हळूहळू खाली, गलबताच्या कठड्यापर्यंत उतरवायची आणि तिथे उघडायची. वजनाचा तोल साधून चालणारी ही रचना साधी होती, आणि म्हणूनच फार घातक.

पुलाच्या वरच्या अंगाच्या खाणींना मात्र कीलशिवाय गत्यंतर नव्हते, कारण गलबत पुलाखालून जात नव्हते. म्हणजे पन्हळींमुळे कीलमन एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. त्यांचे काम अर्ध्या नदीपुरते उरले. तंत्रज्ञान आले आणि जुने काम संपले, इतका सरळ इतिहास येथे घडलेला दिसत नाही. एकच नदी, पुलाच्या खाली एक शतक आणि वर दुसरे.

१७९४ मध्ये कीलमनांनी पन्हळींविरुद्ध मोठा संप केला. पुढे नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपले. माणसे परतली, मंदी आली, पन्हळी वाढत गेल्या. १८१९ च्या शरद ऋतूत पुन्हा संप झाला. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर घोडदळाने निःशस्त्र सभेवर हल्ला केला त्याला दोन महिनेही झाले नव्हते. सगळ्या देशात वातावरण तंग होते. नॉर्थ शील्ड्सला जमाव आणि आरमाराचे शिपाई समोरासमोर आले आणि गोळीबारात एक जण ठार झाला.

तीन वर्षांनी, १८२२ च्या ऑक्टोबरात, निर्णायक संप सुरू झाला. मागणी मुख्यतः एकच : पन्हळींवर मर्यादा घाला. नदी दहा आठवडे अडली. अधिकाऱ्यांनी सैन्य आणि आरमार बोलावले. बाहेरच्या माणसांच्या हाती कील देऊन त्या पहाऱ्यात खाली नेल्या जाऊ लागल्या. काठावरून, पुलावरून त्यांच्यावर दगडांचा वर्षाव होई.

या संपात घडलेली एक घटना इतिहासप्रेमींनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. न्यूकॅसलच्या पश्चिमेस वायलम नावाची खाण होती. तिथे विल्यम हेडलीने बनवलेली, जगातील अगदी सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांपैकी दोन इंजिने रुळांवर कोळसा ओढीत. त्यातले ‘पफिंग बिली’ प्रसिद्ध आहे. दुसरे ‘वायलम डिली’. वायलमची खाण पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे कीलवर पूर्णपणे अवलंबून. संपामुळे माल अडकला तेव्हा हेडलीने ‘वायलम डिली’ रुळांवरून उतरवले, एका कीलवर चढवले, नौकेला फिरती वल्ही जोडली, आणि आगगाडीच्या इंजिनाची आगबोट बनवून तिच्याकडून कोळशाच्या नौका ओढून घेतल्या! ज्यांनी कील अडवली त्यांच्याविरुद्ध कीलवरच स्वार झालेले इंजिन. १८२२ सालचे हे दृश्य एखाद्या चित्रकाराने टिपले असते तर त्या काळाचे त्याहून बोलके चित्र सापडणे कठीण झाले असते. संप संपल्यावर इंजिन पुन्हा रुळांवर गेले आणि पुढे कित्येक दशके चालले. आज ते एडिंबराच्या संग्रहालयात उभे आहे.

डिसेंबर १८२२ मध्ये संप मोडला. पन्हळी राहिल्या. कीलमन पराभूत होऊन कामावर परतले. हेच कीलमन, पराभवानंतरच्या वर्षी, टर्नरच्या कागदावर येतात.

टर्नरने हे चित्र ऐतिहासिक नोंद म्हणून काढले नव्हते. तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील न्हाव्याचा मुलगा. थेम्सचे धक्के, शिडे, दोरखंड, खलाशी हे बालपणापासून पाहिलेले. १७९७ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने उत्तर इंग्लंडचा पहिला दौरा केला होता. १८२२ च्या सुमारास विल्यम बर्नार्ड कुक या प्रकाशकाने ‘इंग्लंडच्या नद्या’ अशी एक मुद्राचित्रमाला काढायचे ठरवले आणि मूळ जलरंगचित्रे टर्नरकडे सोपवली. शील्ड्सचे चित्र त्यातलेच. न्यूकॅसल शहराचे दुसरे चित्रही त्याच मालेत आहे. चित्र इतके लहान का, याचे उत्तर येथे मिळते : ते भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलेच नव्हते, तर खोदकाम करणाऱ्या कारागिरासमोर ठेवण्यासाठी होते. शील्ड्सच्या चित्रावरून मुद्रापट्ट खोदला चार्ल्स टर्नर याने. आडनाव तेच असले तरी दोघांचे नाते नव्हते.

या मुद्रणाची पद्धत आणि चित्रातली रात्र यांचा घट्ट संबंध आहे. मेझोटिंट या तंत्रात धातूचा पत्रा प्रथम सगळीकडे खरखरीत करतात. तसाच छापला तर तो मखमलीसारखा निव्वळ काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरखरीतपणा खरवडून, घासून काढायचा. म्हणजे कारागीर अंधारापासून सुरुवात करतो आणि त्यातून उजेड बाहेर काढतो. चांदणी रात्र, पाण्यावरची चकाकी, धुरकट शिडे यांसाठी याहून योग्य माध्यम नव्हते, आणि टर्नरला याची पुरती जाण होती. पूर्वी हे काम तांब्याच्या पत्र्यावर होई. तांबे मऊ, थोड्याच प्रतींत झिजे. १८२० च्या दशकारंभी टॉमस ल्युप्टन याने मेझोटिंट पोलादावर आणले, आणि त्याबद्दल १८२२ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचे पदक मिळवले. ‘इंग्लंडच्या नद्या’ ही माला पोलादावरच खोदली गेली. हाताने कोळसा उपसणाऱ्या माणसांचे चित्र पुष्कळ प्रतींत निघावे म्हणून तंत्र बदलले, आणि त्याच वर्षांत त्या माणसांच्या हातचे काम जावे म्हणूनही तंत्र बदलत होते. योगायोगच, पण दुर्लक्ष करण्यासारखा नव्हे.

चित्राकडे पुन्हा पाहावे. दोन उजेड आहेत. एक चंद्राचा, थंड आणि निळा, सगळ्या नदीवर पसरलेला. दुसरा आगीचा, उष्ण, छोटा, माणसांपुरता. चित्रकाराने पहिल्याला आकाश दिले आणि दुसऱ्याला उजवा कोपरा. तरी चित्रात जे घडते आहे ते त्या कोपऱ्यात. टाइनवर त्या वर्षी नवी म्हणून जी गोष्ट होती ती पन्हळ. पण चित्राचा विषय आहे कीलमधून गलबतात, माणसांच्या बाहूंनी चढणारा कोळसा. संपाचा उल्लेख नाही, शिपाई नाहीत, दगड नाहीत.

म्हणून हे चित्र कीलमनांची बाजू घेणारे आहे असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. समाजमाध्यमांवर प्रत्येक जुन्या चित्रात बंडखोरी शोधण्याची हौस आढळते, तिला येथे आवर घालावा. टर्नरच्या मालेचे गिऱ्हाईक मध्यमवर्गीय घरांतले होते. त्यांना देशातील नद्यांची सुंदर चित्रे हवी होती, आणि ती त्यांना मिळाली. परंतु सौंदर्य शोधायला निघालेल्या चित्रकाराने किल्ला, मठाचे भग्नावशेष, कुरणातली गुरे यांच्याच पंक्तीला कोळशाचे बंदर बसवले, ही गोष्ट लहान नाही. आणि जे बसवले ते अचूक बसवले : ओहोटीचा प्रहर, गलबताच्या कुशीला लागलेली नौका, हातातले काम. आज कीलमनांचे रात्रीचे काम कसे दिसे हे कोणाला जाणायचे असेल, तर याच कागदाकडे यावे लागते.

बारा वर्षांनी टर्नर या विषयाकडे परतला. या वेळी तैलरंगात, सुमारे सव्वा मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर. १८३५ च्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ते चित्र लागले : ‘चांदण्यात कोळसा भरणारे कीलमन’. विकत घेणारा होता हेन्री मॅकॉनेल, मँचेस्टरचा कापडगिरणी मालक. आदल्या वर्षी त्याने टर्नरकडून व्हेनिसचे एक चित्र घेतले होते : स्वच्छ दिवस, जकातघर, संथ पाणी, गोंडोला. टाइनचे चित्र त्याची जोडी म्हणून रंगवले गेले. एकेकाळी समुद्रव्यापारावर राज्य केलेले, आता निवांत झालेले नगर दिवसाच्या प्रकाशात. आणि रात्रीचीही विश्रांती नसलेले इंग्लंडचे बंदर चंद्रप्रकाशात. गिरणीमालकाला या जोडीत आपल्या देशाची भरभराट दिसली असणार, असे मानायला हरकत नाही. कीलमनांना त्यात काय दिसले असते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

समीक्षकांपैकी काहींना चित्र पटले नाही. ही रात्र आहे की दिवस, अशी कुरकुर झाली. एका साप्ताहिकाच्या समीक्षकाचे म्हणणे तर असे की एवढे सुंदर चांदणे प्रेमिकांसाठी खर्ची पडायला हवे होते. ते या कळकट मजुरांवर वाया घालवले आहे. त्या समीक्षकाने या मजुरांना जे नाव दिले ते लंडनच्या थेम्सवर कोळशाची गलबते रिकामी करणाऱ्यांचे होते. लंडनच्या माणसाला आपल्या शेगडीपर्यंत कोळसा पोचवणारे तेवढे ठाऊक. नदीच्या दुसऱ्या टोकाला तो भरणारे कोण, हे चित्राच्या शीर्षकात लिहिलेले असूनही त्याच्या लक्षात आले नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. रेल्वे आली. १८५० मध्ये नदीच्या सुधारणेसाठी आयोग नेमला गेला, गाळ उपसला गेला, मुखाजवळ मोठ्या गोद्या बांधल्या गेल्या. १८७६ मध्ये ठेंगण्या कमानींच्या पुलाच्या जागी फिरता पूल खुला झाला, आणि समुद्रगामी जहाजे प्रथमच पुलाच्या वर जाऊ लागली. कीलला जी शेवटची जागा उरली होती ती त्या दिवशी गेली. उरले एक लोकगीत, ‘द कील रो’, जे आजही टाइनकाठी गायले जाते.

आणि ती इमारत. न्यूकॅसलच्या सिटी रोडवर, नदीपासून थोडे वर, घड्याळाचा मनोरा असलेले कीलमेन्स हॉस्पिटल अद्याप उभे आहे. काही काळ तिथे विद्यार्थ्यांची निवासस्थाने होती. मॅकॉनेलच्या जोडीतली दोन्ही तैलचित्रे आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहेत. लहान जलरंगचित्र टेटमध्ये. कागदावरचे रंग उजेडाने उडतात म्हणून अशी चित्रे सतत भिंतीवर लावत नाहीत, बहुतेक काळ ती पेटीत, अंधारात असतात.